नांगराची मूठ आणि फिनिक्सवाल्याचं सुजलेलं बोट

आमचा फिनिक्सवाला, म्हणजे माझा चुलतभाऊ, बावीस वर्षं झाली अमेरिकेत, फिनिक्सला, तिकडचा नागरिकही झाला, पण दर दोन-तीन वर्षांनी डिसेंबरात गावी येतो आणि कशासाठी येतो तर भरितासाठी, हे तो बायकोसमोरसुद्धा कबूल करतो. या वेळी आला तेव्हा भाकरी मोडताना मी बघितलं, उजव्या हाताचं मधलं बोट मधल्या सांध्यावर सुजून लालबुंद झालेलं, आणि अंगठा तर तो मुळाशी दुसऱ्या हाताने चोळतच बसलेला. काय रे हे? तर म्हणे, दादा, रिव्हॉल्वर. मी म्हटलं हातात फुटलं की काय, तर म्हणे नाही रे, नुसतं चालवून चालवून.

आता थोडं आधीचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. तिकडे अ‍ॅरिझोनात जुन्या पद्धतीच्या बंदुकांचा एक खेळ चालतो, काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग म्हणतात, टोप्या-बूट घालून लोक येतात, सिंगल अ‍ॅक्शनची दोन रिव्हॉल्वरं, एक लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन असा एकूण सरंजाम. याला ऑफिसातल्या कुणीतरी एकदा बघायला नेलं आणि हा पन्नाशीत वेडा झाला. गावी असताना याने पाखरं हाकलायची गोफणसुद्धा कधी नीट मारली नव्हती, पण असो.

सिंगल अ‍ॅक्शन म्हणजे काय, तर प्रत्येक गोळीला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, अंगठ्याने मागे ओढून चढवायचा, मग बोटाखालचा चाप फक्त तो सोडायचं काम करतो. माझ्याकडे वडिलोपार्जित लायसन्सवर कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर आहे ते डबल अ‍ॅक्शन, चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो आणि पडतो, हवा तर अंगठ्यानेही चढवता येतो, आणि वरून मोडून उघडतं. सिंगल अ‍ॅक्शन उघडत-बिघडत नाही, उजव्या बाजूला एक छोटं दार असतं त्यातून एक एक काडतूस आत सारायचं आणि एक एक खाली ढकलायचं. ही सगळी जात कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्वरपासूनची, अमेरिकन लष्कराने घेतलेलं ते, साडेसात इंची नळी आणि .४५ कोल्टचं काडतूस. आणि त्याच्या मुठीचा आकार त्याहून जुना, १८५१ च्या नेव्ही कोल्टवरून आलेला. त्या आकाराला तिकडे नांगराची मूठच म्हणतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरणार आहे.

त्याने पहिलं घेतलं ते रूगर कंपनीचं न्यू वाकेरो, .४५ कोल्टमध्ये, साडेपाच इंची नळी, स्टेनलेस, किलोच्या वर वजन. निवड कशी केली तर दिसायला जुन्या कोल्टसारखं आहे म्हणून, बस. मी त्याला टोचलं तर म्हणे दुकानात हातात घेऊन बघितलं होतं ना, मस्त बसलं. अरे दुकानात सगळंच मस्त बसतं! चपलेचं पण तसंच, दुकानात दोन पावलं चालून बघतो आणि यात्रेत फोड येतात. काउंटरवर ना धक्का असतो ना घाम असतो ना पन्नासावी गोळी असते. तिथे बघायचं असतं ते वेगळंच, पकड न हलवता अंगठा घोड्याच्या कानापर्यंत, म्हणजे ओढायच्या टोकापर्यंत, पोहोचतो का, चापाभोवतीच्या कड्याच्या मागच्या बाजूला मधल्या बोटाचा सांधा चिकटतो का त्याच्यात फट राहते, करंगळीला जागा आहे का ती लटकते. नळीची लांबी, नक्षी, पॉलिश हे सगळं त्यानंतर. याने बरोबर उलटं केलं, पण खरं सांगायचं तर बहुतेक जण उलटंच करतात, मीही ट्रॅक्टर रंग बघूनच घेतला होता.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधलं बोट जरा हुळहुळायचं एवढंच. मग रेंजवरच्या एकाने सांगितलं की बिझ्ली मूठ घे, त्याने धक्का कमी लागतो. बिझ्ली हे इंग्लंडमधल्या नेमबाजीच्या मैदानाचं नाव, कोल्टने १८९४ मध्ये निशाणेबाजीसाठी त्या नावाचं मॉडेल काढलं, मूठ जास्त उभी, मागून वर चढलेली, घोड्याचा कान खाली झुकलेला. रूगरने तसल्याच मुठीची स्वतःची आवृत्ती काढली. जड काडतुसाला ती चांगली हे खरंच आहे, कारण बंदूक हातात वर गडगडत नाही, धक्का सरळ मागे तळव्यात येतो. तर साहेबांनी रूगरचंच बिझ्ली मुठीचं ब्लॅकहॉक घेतलं, .४५ मध्येच. आणि जाड्या बोटांच्या माणसाला जे होतं तेच झालं, त्या मुठीत कड्यामागे मधलं बोट आणखीच कोंबलं गेलं. शिवाय त्याला ते नजरेलाच पटेना, म्हणे दादा ते वाकलेल्या सोंडेसारखं दिसतं. सहा महिन्यांत तोट्यात विकलं.

मग तिसरा प्रयोग, जाड रबरी मूठ. ती वाकेरोवर चढवली. ती कड्यामागची पोकळी भरून काढते, त्यामुळे बोटाचा सांधा लोखंडापासून लांब राहतो, हे छान झालं. पण जाडी वाढली की हात उघडा पडतो आणि अंगठ्यापासून घोडा लांब जातो, आता प्रत्येक गोळीला घोडा ओढायला तो पकड सोडून हात फिरवायला लागला आणि अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. पन्नाशीत तिथल्या सांध्याची झीज सुरू झालेली असते, डॉक्टरने त्याला तसं सांगितलंही होतं. म्हणजे बोट वाचवायला गेला आणि अंगठा गेला. शेवटी रबर काढून कंपनीच्या काळ्या मुठी परत लावल्या, आणि मग ते बोट असं सुजलं की विमानात त्याला पाण्याची बाटली उघडता येईना.

इथपर्यंतचं मी त्याच्याकडून दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांत काढून घेतलं. तिसऱ्या दिवशी शेतात भरिताची पार्टी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे भरिताचं वांगं गॅसवर भाजत नाहीत, कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्याच्यात भाजतात, जळगावकडचं ते हिरवं-पांढरं मोठं वांगं, आणि मग कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. तिथे आमचे आबा होते, म्हणजे माझे वडील, पंचाहत्तरीच्या पुढचे, आणि आमचे सुतार मिस्तरी होते, ज्यांनी एके काळी पंचक्रोशीतल्या निम्म्या बैलगाड्या केल्या आणि आता सोफे दुरुस्त करतात.

फिनिक्सवाला मोबाइलवर फोटो दाखवत होता सगळ्यांना. आबांनी फोटो बघितलाच नाही, त्याचा हात ओढून घेतला आणि म्हणाले, "कोठे दुखस ते आधी दखाड."

त्याने दाखवलं. मग त्याने सांगितलं की आबा, या आकाराला तिकडे नांगराची मूठ म्हणतात. आबा हसायलाच लागले, "मंग तुले नांगर धरता येत नही का रे?"

सगळे हसले, विषय संपला असता, पण आबा उठले आणि त्याला गोठ्याकडे घेऊन गेले. आमच्याकडे जुना लाकडी नांगर अजून आहे, आढ्याला टांगलेला, शेत सगळं ट्रॅक्टरने होतं पण आबा तो विकू देत नाहीत. तो खाली काढला, रुमणं त्याच्या हातात दिलं आणि पुढून मिस्तरींना दांडी धरून हिसका द्यायला सांगितला. याने रुमणं गच्च आवळलं, हिसका बसला तसा खांद्यापर्यंत गेला. मग आबांनी सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच पद्धतीने सांगतो, की फाळ दगडाला लागला की रुमणं उसळतं, ते उसळू द्यायचं, खालून दाब ठेवायचा पण मनगट ढिलं, जो वरून आवळतो त्याचा खांदा संध्याकाळपर्यंत उखडतो. रुमणं हातात फिरलं पाहिजे, हाताबरोबर नाही.

मी तिथेच थांबलो, कारण त्या १८७३ च्या मुठीबद्दल जाणकार हेच तर सांगतात! ती मूठ गोल आहे ती उगाच नाही, धक्का बसला की बंदूक हातात वर गडगडावी, नळी वर जावी, आणि वर जाता जाता घोड्याचा कान अंगठ्याखाली यावा म्हणजे पुढची चढवणी तिथूनच होते. हा फिनिक्सवाला मात्र व्हिडिओ बघून शिकलेला, आणि व्हिडिओत शिकवतात ते बहुतेक पिस्तुलाचं, म्हणजे हात जितका वर चढवता येईल तितका चढव आणि आवळ. पिस्तुलाला ते बरोबर आहे. नांगराच्या मुठीवर हात वर चढवला की मधलं बोट थेट चापाच्या कड्याच्या पाठीला जाऊन टेकतं, आणि बंदूक गडगडताना ते कडं तिथेच हातोडीसारखं बसतं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरींच्या दुकानात. याच्याकडे मुठीचा खऱ्या मापाचा आराखडा होता, लाकूड कोरायचं मनात होतंच म्हणून रिव्हॉल्वर कागदावर ठेवून पेन्सिलीने काढून आणलेला. मिस्तरींनी त्यावरून कडुनिंबाच्या तुकड्यातून नुसती मूठ आणि कडं कोरलं. नळी नाही, काही नाही, उगाच कुणी बघितलं तर गावात चर्चा. मग त्यांनी जे केलं ते मला कुठल्या व्हिडिओत दिसलं नाही. दोरी मारायला गेरू असतो ना, तो पाण्यात कालवून याच्या तळव्याला आणि बोटांना फासला आणि म्हणाले, रोज धरता तसं धरा.

मूठ बाजूला ठेवून बघितली तर तळव्याचा वरचा भाग, अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा, तिथे गेरूचा जाड डाग. खाली करंगळी आणि अनामिकेचे डाग. कड्याच्या पाठीवर मधल्या बोटाचा डाग इतका दाबून की गेरू निघून लाकूड दिसत होतं. आणि मध्ये, तळव्याच्या खोलगट भागात, मूठ कोरी करकरीत. म्हणजे एवढी किलोभराची बंदूक हा माणूस वरच्या कडेने आणि दोन बोटांनी धरत होता, तळव्याच्या पोटाने धरतच नव्हता.

"भाऊ, तुमना हात वर काबर चढी ऱ्हायना?" मिस्तरींनी विचारलं. मग त्याला अर्ध्या बोटाने खाली धरायला लावलं, करंगळी मुठीच्या बुडाखाली दुमडायला लावली. करंगळी खाली दुमडणं हा काही आमच्या मिस्तरींचा शोध नाही, त्या मुठीवर मोठ्या हाताचे लोक पूर्वीपासून तसंच करतात, आणि ज्यांना ते नकोच असतं ते १८६० च्या आर्मी कोल्टसारखी लांब मूठ शोधतात. पुन्हा गेरू. आता कड्यावरचा डाग फिका, बोटाच्या बाजूला जरा फट, पण तळव्याची पोकळी तशीच.

फिनिक्सवाला म्हणाला, मग जाड मूठ करू या. मिस्तरी म्हणाले नाही. "बठ्ठं लाकूड भरानं नही, जठे पोकळ शे तठेच भरानं." वरती, जिथून अंगठा घोड्याकडे जातो, तिथे उलट पातळ करायचं. मधे तळव्यापुरता फुगवटा. आणि कड्याच्या मागे पुढच्या बाजूने जरासा ओठ बाहेर काढायचा, म्हणजे मधलं बोट वर सरकायला लागलं की आधी लाकडाला लागेल. रबरी मुठीने जे सगळीकडे जाडी वाढवून केलं होतं ते यांनी दोन जागी केलं आणि तिसऱ्या जागी काढून घेतलं. मी याला कौशल्य म्हणतो, त्यांनी याला कोयत्याचा दांडा म्हटलं.

लाकूड कुठलं, यावर अर्धा तास गेला. भावाला शिसवी पाहिजे होती, दिसायला भारी. पण शिसवीच्या सगळ्या जातीला २०१७ पासून साइटिसचे, म्हणजे दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे, नियम लागू आहेत, थोड्या वजनाला सूट असली तरी विमानतळावर तो वाद कोण घालणार. सागवान हलकं आणि जरा तेलकट. मिस्तरींनी मागच्या ढिगातून एका मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा तुंबा ओढून काढला. बाभूळ. आमच्याकडे चाकं, नांगर, कुऱ्हाडीचे दांडे सगळं बाभळीचंच, जड आणि चिवट, आतला गाभा लालसर तपकिरी. मिस्तरींचा मुद्दा वेगळाच होता, हे लाकूड चाळीस उन्हाळे जळगावच्या मे महिन्यात वाळलेलं आहे, याला आता फाटायचं काही बाकी नाही. फिनिक्सची हवा आपल्यासारखीच कोरडी, तिथे नवीन लाकडाची मूठ लावली तर आकसून स्क्रूपाशी चिरते. हे पटण्यासारखं होतं.

मुठीला दोन बाजूंच्या दोन पाकळ्या लागतात, तशा दोन जोड्या ठोकळे कापले, बाहेरचा आकार जवळपास दिला, आतली बाजू सपाट ठेवली. भोक पाडलं नाही, कारण स्क्रूचं भोक आणि खालच्या पिनची खाच ही खऱ्या फ्रेमवर बसवूनच करायची, कागदावरून एक मिलिमीटर चुकला की मूठ कायमची खुळखुळते. साल नसलेलं लाकूड, डिक्लेअर करून नेलं, काही अडचण आली नाही.

पण जाण्याच्या आदल्या रात्री एक गोष्ट बाहेर आली जी खरं तर पहिल्या दिवशी यायला पाहिजे होती, आणि यात माझीही चूक आहे, मी विचारलंच नव्हतं. मी त्याला तारखा लावायला लावल्या. बोट नुसतं हुळहुळत होतं ते कधी, बिझ्ली कधी घेतलं, कधी विकलं, असं सुजलं कधी. सूज आली ती बिझ्ली विकल्यानंतरच्या महिन्यात. मूठ तीच, माणूस तोच, मग बदललं काय? काडतुसं! बिझ्ली ब्लॅकहॉकसाठी घेतलेले जड .४५ चे चार डबे उरले होते, ते हा वाकेरोत संपवत होता. डब्यावर रूगर लिहिलंय, बंदूक रूगर, विषय संपला असं त्याला वाटलं.

इथे जरा थांबतो कारण ही गोष्ट बोटाच्या पलीकडची आहे. .४५ कोल्टचं जे जड भरलेलं काडतूस रूगरसाठी म्हणून विकतात ते मोठ्या फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सांगाड्याच्या, ब्लॅकहॉकसाठी असतं, १९९३ चं पहिलं वाकेरोही मोठ्या फ्रेमचं होतं त्यात चालायचं. २००५ मध्ये आलेलं न्यू वाकेरो हे मुद्दाम जुन्या कोल्टच्या मापाएवढं लहान केलेलं आहे, त्याच्या सिलेंडरची, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागाची, भिंत .४५ मध्ये पातळ, त्यात ते काडतूस चालवायचंच नसतं. नावात एक शब्द जास्त आहे, न्यू, आणि तो शब्द याने वाचला नव्हता. मला घाम फुटला ऐकून, तो मात्र म्हणे बरं झालं ना काही झालं नाही ते. मी त्याला लगेच त्याच्या बायकोला फोन करायला लावला आणि ते डबे कपाटातून काढून वेगळे ठेवायला सांगितले. ज्याने बिझ्ली विकत घेतलं त्यालाच ते नंतर देऊन टाकले.

फेब्रुवारीत मी तिकडे गेलो, मुलीच्या कॉलेजचं निमित्त होतं. फिनिक्सच्या उत्तरेला बेन अ‍ॅव्हरी म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्याची मोठी रेंज आहे, तिथे तीन शनिवार त्याच्या मागे खुर्चीवर वही घेऊन बसलो. मी स्वतः चालवलं नाही, टुरिस्ट व्हिसावाल्याला तिकडे बंदूक हातात घ्यायची तर शिकारीचं लायसन्स वगैरे अपवादात बसावं लागतं, त्या भानगडीत कोण पडतंय. माझी एकच अट होती, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. याला ते सहन होत नाही, याला सगळं एकदम पाहिजे.

पहिला शनिवार, फक्त काडतूस बदललं. खेळवाले लोक वापरतात ती हलकी, कमी वेगाची .४५, बाकी सगळं जुनंच, मूठ काळी, पकड जुनी. चाळिसाव्या गोळीपर्यंत बोट ठीक, नंतर लाल व्हायला लागलं. जड डब्याने दहा-बारा गोळ्यांत लाल व्हायचं असं तो सांगत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त दुखणं डब्यात होतं. त्याला हे ऐकायला आवडलं नाही कारण यात विकत घेण्यासारखं काही नव्हतं.

दुपारनंतर पकड बदलली, आबांची. हात खाली, करंगळी बुडाखाली, मनगट ढिलं. पहिल्या वीस गोळ्या भिंतभर सांडल्या, तो वैतागला, म्हणे निशाणाच गेला दादा. मी म्हटलं चालू दे. पाच-पाचचे दहा फेरे झाल्यावर गोळ्या परत एका जागी यायला लागल्या आणि बोटावर काहीच नाही. आणि अंगठ्याचं? अंगठ्याचं उत्तर त्याला शेजारच्या लेनमधल्या सत्तरीच्या बाईंनी दिलं, दोन्ही हातांनी धरतोस ना मग घोडा डाव्या अंगठ्याने ओढ की. डावा अंगठा मोकळाच असतो, त्याला सांध्याचं काही दुखणं नाही, आणि उजव्या हाताची पकड हलतच नाही. दीड वर्ष हा माणूस दोन हातांनी धरून एका हाताने ओढत होता. एवढ्या वेळात घोडा बदलायचा, खाली झुकलेल्या रुंद कानाचा बसवून घ्यायचा असं त्याने पक्कं ठरवलेलं, गनस्मिथची वेळसुद्धा घेतलेली, ते राहिलं.

दुसऱ्या शनिवारी बाभळीची मूठ. आदल्या आठवड्यात त्याने गॅरेजमध्ये बसवली होती, फ्रेमच्या कडांना टेप लावून लाकूड धातूच्या लेव्हलला घासत आणलं, टेप एका जागी सुटली तिथे स्टेनलेसवर ओरखडा आहे, तो विषय काढायचा नाही. व्हार्निश मारू दिलं नाही मी, जवसाचं तेल तीन हात, चोळून. व्हार्निश दिसतं छान पण घामात मासोळीसारखं सटकतं. आणि मूठ बसली कशी? तो काही बोललाच नाही पहिले पाच बार, फक्त बंदूक खाली ठेवून हात बघितला, परत उचलली. तळवा भरला होता. वरची बाजू पातळ केल्यामुळे उजवा अंगठाही आता घोड्याला सहज टेकत होता, म्हणजे एका हाताने चालवायची वेळ आली तरी हरकत नाही. एकच, डाव्या पाकळीचा फुगवटा अंमळ जास्त झाला होता, तो संध्याकाळी कानशीने उतरवला, दोन वेळा, थोडा थोडा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

तिसऱ्या शनिवारी स्प्रिंग. घोड्याची कंपनीची स्प्रिंग साधारण तेवीस पाउंडाची असते, हलकी टाकली की अंगठ्याला आराम. त्याने गनस्मिथकडून सतराची टाकून घेतली. ओढायला लोण्यासारखी, पण दिवसभरात दोन काडतुसं नुसती टक करून बसली, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर खूण पडली पण पेटली नाहीत. हलकी स्प्रिंग म्हणजे हलका फटका, सरळ हिशेब आहे. मग एकोणीसची टाकली, त्याच्यानंतर टक नाही. चापाच्या स्प्रिंगचा एक पाय खुंटीवरून काढून ठेवायचा असा एक फुकटचा जुगाड तिकडे फार प्रसिद्ध आहे, चाप हलका होतो खरा, मी तो करू दिला नाही, अर्ध्या लटकलेल्या स्प्रिंगवर बंदूक चालवायची कल्पनाच मला सहन होत नाही. त्याचं मत वेगळं आहे, घर त्याचं आहे, पण अजून केलेला नाही.

मधे कुणीतरी त्याला इटालियन उबर्टी हातात दिलं, जुन्या कोल्टची नक्कल, मूठ अंमळ बारीक, घोडा चढवताना त्याचे ते टिक-टिक आवाज. लगेच डोळे चमकले. मी फक्त एवढं विचारलं की यात किती भरतोस? रूगरमध्ये १९७३ पासून घोडा आणि गोळीच्या मध्ये एक पट्टी असते, चाप दाबला तरच ती वर येते, म्हणून सहा भरली तरी घोडा पडून अपघात होत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्टमध्ये घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवावं लागतं, एक भरायचं, एक सोडायचं, चार भरायचे, मग पूर्ण ओढून हळूच खाली, तेव्हा रिकामं घर घोड्याखाली येतं. स्पर्धेत तसेही सगळ्यांना पाचच भरायला लावतात, त्यामुळे त्याला सवय होती, उत्तर बरोबर दिलं. तरी घेतलं नाही, का ते त्याने सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं असावं.

आणि आपल्याकडच्यांसाठी एक, हे वाचून कुणी घरच्या .३२ वर हात चालवू नका. सामान्य लायसन्सवाल्याला बाहेरून असलं नवीन रिव्हॉल्वर आणता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि १९५९ च्या कायद्याने दुरुस्तीचं काम परवानाधारकाचंच. घोडा-चाप-स्प्रिंगला तर बिलकुल नाही. माझं तर निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा असतं, परत आणायला गेलो की पावती शोधण्यात अर्धा दिवस. गेरू मात्र लावून बघायला कुणाची परवानगी लागत नाही, कुदळीच्या दांड्याला लावा, बॅटला लावा. मी माझ्या फवारणी पंपाच्या दांड्याला लावून बघितलं, आणि खांदा का दुखत होता ते कळलं.

मिस्तरींना पैसे द्यायला गेलो तर घेईनात, म्हणे तुंबा पडूनच होता. शेवटी फिनिक्सवाल्याने तिकडून पटाशांचा एक सेट पाठवला, तो त्यांनी अजून पेटीतून काढलेला नाही, रोज उघडून बघतात फक्त. दुसरी जोडी ठोकळ्यांची होती ती याने तिकडे तशीच ठेवलीय, दुसरं रिव्हॉल्वर घ्यायचंय म्हणे, खेळाला दोन लागतात.

मे महिन्यात फोन आला. तिकडे पंचेचाळीस, इकडेही पंचेचाळीस, दोघेही घामाघूम. बोट ठीक, अंगठा ठीक, पण घामाने मूठ जरा फिरते म्हणे, बाभूळ गुळगुळीत झालीय तेल पिऊन पिऊन. जाळी कोरून घेऊ का विचारत होता. मिस्तरींना विचारलं तर ते म्हणाले जाळी नको, ती तळव्याला घासेल, नुसत्या तीन आडव्या रेघा मारा, कोयत्याला मारतो तशा, आणि त्या मीच मारीन. म्हणजे आता त्या मुठी इकडे येणार की मिस्तरी तिकडे जाणार, हे ठरायचंय. आबा म्हणाले भरिताच्या दिवसात घेऊन येऊ दे, तोपर्यंत हाताला राख लाव म्हणावं.